आमच्या नकाशातला खेकडा

मला एका जागी बसवत नाही, हे घरचे-दारचे सगळेच सांगतात. पण त्या आठवड्यात मी वर्ग, व्हरांडा, जिना अशी नुसती भिरभिरत होते. चारकोपच्या आमच्या मराठी शाळेत मी तिसरीला शिकवते. पटावरची मुलं दरवर्षी कमी होतात, आणि त्या वर्षी वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी जायच्या बेतात होती.

तिची आई वांद्र्याला ऑफिसात जाते. गेटवर घाईघाईत भेटली आणि म्हणाली, "बाई, इंग्लिश मीडियमला विचारून ठेवलंय. तुमच्या प्रदर्शनाला येते, बघते, मग ठरवते." पोरगी तिचा हात धरून उभी होती, तिनं सगळं ऐकलं. त्या 'बघते'नं माझी झोप उडवली. मला ती पोरगी हवी होती, यात लपवण्यासारखं काय आहे!

प्रदर्शनात आम्ही एकच चित्र मांडणार होतो, 'आपला चारकोप'. शाळेला थोडे टॅब मिळाले होते. त्यांत चित्रं काढायचा एक फळा असा होता, की एकानं काढलेलं सगळ्यांना तिथल्या तिथे दिसायचं. नावाऐवजी प्रत्येकानं एक प्राणी घ्यायचा, आणि तुमचं बोट फिरेल तिथे तो प्राणी फिरायचा. ह्या गप्प पोरीनं खेकडा घेतला. मला मुलांनी घुबड दिलं. "बाई, तुम्ही सगळीकडे डोळे वटारता ना!"

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. "बाई, ह्यानं माझं मार्केट पुसलं!" "मग तू माझ्या रिक्षावर ढग का काढलास?" एकानं अख्खं मैदान गुलाबी करून टाकलं. त्यात नेट गेलं, ते परत येईपर्यंत दोघांची झोंबाझोंबी झाली. ओरडून ओरडून माझा घसा बसला. वाटलं, ठेवावेत हे टॅब कपाटात आणि द्यावेत हातात खडू.

तेव्हा ही माझ्या टेबलाजवळ आली. "बाई, आमच्याकडे गणपतीचं मखर करताना आजोबा म्हणतात, दुसऱ्यानं चिकटवलेलं काढायचं नाही. आपल्याला वेगळं हवं असेल तर बाजूला लावायचं." एवढं बोलली आणि जागेवर जाऊन बसली. मी ते खडूनं मोठ्या अक्षरांत वर्गातल्या फळ्यावर लिहिलं: पुसायचं नाही, बाजूला काढायचं.

आणि काय सांगू, चित्र जमायला लागलं! मार्केटच्या शेजारी दुसरं मार्केट आलं, रिक्षाला वळसा घालून रस्ता गेला. गुलाबी मैदानाला कोणी हात लावला नाही, उलट त्यात गुलाबी गाय आली. हिनं आपलं बैठं घर काढलं, दारात स्टूल, स्टुलावर आजोबा. आजोबांचे हात पायांपेक्षा लांब होते. रोज येऊन ती त्यांना काहीतरी देई. एकदा चष्मा दिला, एकदा चहाचा कप. मी विचारलं तर म्हणाली, "आईला आवडलं तर मी इथेच राहीन ना?" मी "हो गं" म्हणून मोकळी झाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मला भारी उत्साह आला. घरी पण बघू देत, म्हणून चित्राची लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली. ती उघडली की घरूनही चित्रात हात घालता येतो, हे घाईत डोक्यातच आलं नाही.

सकाळी टॅब उघडले आणि वाटच लागली. वाकड्या इमारती गायब! त्यांच्या जागी चकचकीत तयार चित्रं, कुणाच्या घरापुढे गाडी, कुणाच्या गच्चीवर पोहायचा तलाव. अहो, आमच्या सेक्टरात पाणी ठरल्या वेळीच येतं, तेही तासभर! आयांनी रात्रीत आपापल्या मुलांची घरं 'नीट' करून दिली होती. गुलाबी मैदान हिरवंगार झालं होतं, गाय गेली होती. मुलं रडायला लागली. ही रडली नाही, बोटानं चित्र इकडून तिकडे सरकवत राहिली. "बाई, आजोबा कुठे गेले?"

तिच्या घराच्या जागी वीस मजली टॉवर होता. मी भयंकर चिडले. मग आठवलं, टॅबमधल्या फळ्यावर कालचं चित्र परत आणता येतं. खटपट करून आणलं, प्रोजेक्टरनं भिंतीवर मोठं करून लावलं, तोवर पालक दारात.

तिची आई भिंतीकडे बघून थबकली. "अहो बाई, मी केलेलं कुठे गेलं?" सोसायटीच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं हीच बाई फोनवर बनवते, टॉवर तिचाच होता. "किती वाकडंतिकडं काढलंय हिनं! लोक हसतील म्हणून मी नीट करून दिलं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "आई, दुसऱ्याचं पुसायचं नाही. बाजूला काढायचं." वर्षभरात तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. आईनं भिंतीजवळ जाऊन त्या स्टुलावर बोट टेकवलं. "आजोबांना चहा पण दिलास होय गं?" म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलो आपण.

निकाल लागल्यावर तिची आई दाखला न्यायला आली. "राग मानू नका बाई. शाळा चांगलीच आहे तुमची. पण साहेबाशी इंग्लिश बोलताना मला अजून घाम फुटतो. हिला तसं नको." माझा स्वतःचा मुलगा कुठल्या शाळेत जातो, ते तिला माहीत होतं. मला संताप आला होता, आणि तो तिच्यावर काढता येत नव्हता.

जूनमध्ये नवी तिसरी आली. पहिल्याच आठवड्यात, शाळा सुटल्यावर, फळा नव्या मुलांसाठी कोरा करावा म्हणून मी टॅब घेऊन बसले. 'सगळं पुसायचं?' असं विचारत होतं. बोट टेकवणार, तोच चित्राच्या कडेला काहीतरी हललं.

खेकडा होता.

आईच्या फोनवर ती लिंक अजून असणार. पार कोपऱ्यात त्यानं एक मोठी, खूप खिडक्यांची इमारत काढली होती, वर ABC लिहिलेली. तिच्या दारातून एक रस्ता निघाला होता, वाकडातिकडा. गुलाबी मैदान आलं, तर रस्ता त्याला वळसा घालून पुढे गेला. मार्केट आलं, तिथेही बाजूनं गेला. कुठे काही पुसलं नव्हतं. येत होता तो चित्रातल्या आमच्या शाळेकडे, पण वाटेत इतकी घरं होती की खेकडा थांबायचा, मागे जायचा, पुन्हा वाट शोधायचा.

मला रडू फुटलं. मग घुबड घेऊन मी शाळेच्या दाराशी गेले आणि माझ्या बाजूनं रस्ता काढायला घेतला.