फाटक सोडलं नाही

मला वाचवलं ते एका म्हाताऱ्या चौकीदारानं. मी त्याला चाचा म्हणायचो. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या देशात लढाई अजून चालू आहे, आणि हा कागद कोणत्या फौजेच्या हाती पडेल याचा मला भरवसा नाही. तो स्वतः जुना शिपाई, उमेदीची सगळी वर्षं पलटणीत काढलेला.

मी दर्यापूरकडचा. आठवीत शाळा सुटली, अकोल्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, फिटरचं काम शिकलो. तिथल्या शेटजींनी आफ्रिकेत एक जिनिंग घातली आणि मला तिकडं पाठवलं. माझ्यावर सुपरवायझर अमरावतीचा, त्याला मी साहेब म्हणायचो. जमीन काळी, कापूस पांढरा; मला तर आपल्याच शिवारात आल्यासारखं वाटलं. मग त्या देशाच्या दोन फौजा एकमेकींवर उठल्या. गणवेश सारखेच. एकांच्या दंडाला लाल चिंधी, दुसऱ्यांच्या पिवळी.

पहिल्या तोफा ऐकू आल्या त्या दुपारी साहेब पिकअपमध्ये बसला. "डिझेल भरून येतो बे, तू मशीन पुसून घे." त्याच्या बॅगेत माझा पासपोर्ट होता. मी दिवस मावळेपर्यंत मशीन पुसत बसलो. हे लिहिताना अजून कान तापतात.

लाल चिंधीवाले आत घुसले तेव्हा चाचानं मला गठाणी दाबायच्या प्रेसखालच्या खड्ड्यात उतरवलं आणि वर फळ्या टाकल्या. शिपायांनी रुईच्या गठाणी ओढून फाटकाशी छातीइतकी भिंत रचली. गोळी आत शिरत नाही म्हणून खूश! चाचा आडवा आला, तर त्याच्याच जुन्या पलटणीतल्या एका पोरानं त्याला पट्ट्यानं झोडपलं. फटीतून मी ते पाहिलं.

पिवळ्या चिंधीवाल्यांची गोळी गठाणीत थांबते हे खरं. पण तिच्याबरोबर आलेली ठिणगी बाहेर येत नाही. दुसऱ्या दिवशी मला वास आला, चिंधी जळल्यासारखा. जिनिंगवाल्याला तो झोपेतही कळतो. दाबलेली गठाण आतल्या आत धुमसते. वरून बघाल तर काहीच नाही. मी चाचाला म्हणालो, त्या भिंतीजवळ झोपू नको. शिपायांना मी सांगणार नव्हतो. चाचानं मात्र सांगितलं.

"धूर कुठाय म्हाताऱ्या?" म्हणून ते हसले.

चौथ्या सकाळी वारा सुटला आणि धुमसती भिंत भडकून उघडली. शिपाई ट्रक टाकून पळाले. मला बरं वाटलं. अजून वाटतं.

चाचानं आपला झगा माझ्या अंगात घातला आणि मला दोन नाक्यांमधून चालवत नेलं. "हा कोण?" शिपायानं विचारलं. "बहिणीचा पोरगा. मुका आहे. लग्न झालं तेव्हापासून," चाचा म्हणाला. शिपाई खिदळले, मी घाम पुसला. आपल्या लोकांना बंदराला नेणाऱ्या वकिलातीच्या बसपाशी तो एवढंच बोलला, "मालकाला सांग, मी फाटक सोडलं नाही." आणि मागं फिरला.

मी घरी आलो तर साहेब आधीच पोचला होता. चौकीदार फितूर झाला, त्यानंच माल पेटवला, असं सांगून त्यानं चाचाला कामावरून काढायला लावलं होतं. वर अमरावतीला याचाच सत्कार! मलाही बोलावलं. "येजो, तुलेबी एक शाल भेटते." मी घाबरट आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं.

स्टेजवर शेटजी. खाली अर्धा हॉल जिनिंगवाल्यांचा. साहेब रंगात आला. "त्या हरामखोरानं काडी लावली, अन् एका मिनिटात चाळीस गठाणींची राख! मी या पोराले त्याच्यातून ओढलं."

मी घाबरटच. तरी उठलो.

"साहेब, दाबलेल्या गठाणी?"

"हो बे, दाबलेल्याच."

"एका मिनिटात राख?"

"मंग! डोयानं पायलं मी."

मागून एक म्हातारा ओरडला, "अबे, गठाण हाय का फुलझडी?" सगळा हॉल हसला. शेटजी हसले नाहीत. त्यांनी तरुणपणी स्वतः प्रेस चालवलेली.

"वास किती दिवस येत होता?" त्यांनी साहेबाला विचारलं.

"वास? आग म्हटली का... वास येनारच नं."

शेटजी माझ्याकडे वळले.

"तीन दिवस," मी म्हणालो. "साहेब तं पहिल्याच दुपारी डिझेल भराले गेले, ते अजून भरूनच राहिले. माहा पासपोर्टबी घेऊन गेले. चाचानं फाटक सोडलं नाई."

साहेबाची शाल घसरली. त्यानं ती उचलली नाही. मी ती घसरताना पाहिली, आणि मग त्याचं तोंड पाहत राहिलो, मन भरेपर्यंत. खरं सांगतो, भरलं नाही. त्याची नोकरी गेली तेव्हाही नाही.

पुढं शेटजींच्या जिनिंगसकट अकोल्यात कुठंच मला काम मिळेना. भरल्या सभेत वरच्याला उघडं पाडणारा फिटर कोणाला हवा असतो? आता पंजाबातल्या एका जिनिंगमध्ये आहे. रस्त्यावर पिकअप थांबली की अजून दचकतो.

शेटजी त्या दिवशी म्हणाले होते, "लढाई थांबू दे, त्याची जागा त्याची." तोंडी बोलले. तोंडी बोलण्यावर मी एकदा दिवस मावळेपर्यंत मशीन पुसलेली आहे.

चाचा, तुझा झगा माझ्या पेटीत आहे. लढाई थांबली की शेटजींचं बोलणं सहीशिक्क्यानिशी घेऊन मी येईन, फाटकाशी तुझी खुर्ची माझ्या हातानं टाकीन. झगा तेव्हाच परत देईन. आधी नाही.