रंग न लावलेलं गलबत

लाकूड लाकडासारखं दिसू नये, अशी नांदेडात सगळ्यांची मनापासून इच्छा आहे. कुठल्याही नव्या फ्लॅटचं दार बघा. आत भुसा, वर चकचकीत कागद, कागदावर सागाच्या रेषा छापलेल्या आणि दर दोन फुटांवर तीच गाठ पुन्हा. मी उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली. असं दार दिसलं की मला अक्षरशः शिसारी येते. घरमालक त्यावर हात फिरवून विचारतो, "अस्सल साग वाटायलाय की न्हाई, सर?" मी हो म्हणत नाही. त्यामुळे वास्तुशांतीची आमंत्रणं कमी झाली आहेत. बरंच झालं.

हे सांगायचं कारण माझा थोरला भाऊ. आम्ही कंधारकडचे, शेतकरी घरातले. आमच्या गावच्या तळ्यालाच जुनी माणसं समुद्र म्हणतात, त्यामुळे खरा समुद्र बघायची कुणाला गरज वाटली नाही. दादाला वाटली. तो विशीत घरातून पळाला आणि कोकणच्या एका गलबतावर खलाशी झाला. पुढं मोठमोठ्या लोखंडी जहाजांवर त्याची सगळी नोकरी गेली, पण बोलायचा ते त्या पहिल्या गलबताबद्दलच. आता तो कंधारला असतो. काचबिंदूनं उजवा डोळा गेला, डावा चालला आहे. दवाखान्यातून आल्यावर त्यानं मला फोन केला.

"डाक्टर म्हनले, थोडे दिवस हाय हा डोळा बी. माझं गलबत मला एकदा करून दाव. रंग नको मारू. त्याला रंग नव्हताच. नुसतं लाकूड अन् माशाचं तेल."

रंग नको, हे ऐकून मी खूश झालो. माझ्या मनातलंच तो बोलला होता.

मग मी लाकडं हुडकत निघालो. बाजूच्या फळ्यांना एका मोडक्या पलंगाचा साग मिळाला, पण त्यावर कुणीतरी पोपटी तैलरंगाचे तीन हात मारले होते. तो खरवडताना चार दिवस मी त्या अज्ञात माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या. खालून मधासारखा साग निघाला. गलबताच्या तळाला काळपट लाकूड हवं होतं. ते चाकूरला मिळालं, एका बंद पडलेल्या लाकडी तेलघाण्याचा बाभळीचा तुकडा. वर्षानुवर्षं करडईचं तेल पिऊन तो असा काळा झाला होता की कुठल्या डबीतून तो रंग यायचा नाही. तेलकटपणामुळे त्याला गोंद धरेना, म्हणून बांबूच्या बारीक खुंट्या ठोकून बसवला. वरच्या फळीला हळदूचं पिवळसर, गुळगुळीत लाकूड. काठावरच्या काळ्या पट्टीसाठी मडक्यात गूळ, पाणी आणि गंजके खिळे पंधरा दिवस गच्चीवर कुजत ठेवले. शेजारणींनी नाकाला पदर लावले. ते पाणी साध्या बाभळीवर फिरवलं की लाकूड आपोआप काळं होतं. घाण वास, पण खरा रंग.

शेवटी तेलाचा हात द्यायचा होता. माशाचं तेल नांदेडात कुठून आणू? म्हणून मी पॉलिशवाल्या चाचांकडे गेलो. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम. त्यांनी गलबत उलटसुलट करून बघितलं.

"काम एक नंबर है, मास्तर. अब इसपे वॉलनट मारो. एकदम शोरूम दिखेंगा."

दुकानात त्या वॉलनट नावाच्या पॉलिशनं माखलेल्या दहा खुर्च्या वाळत होत्या, सगळ्या एकाच तपकिरी चिखलात बुडवून काढल्यासारख्या. मी म्हणालो, काही मारायचं नाही.

"नको तो नको. लेकिन सीलर तो मारो. कोरी लकडी है, जो लगेंगा वो पी जाएंगी."

तो बिनरंगी थर असतो, हे मला माहीत होतं. पण त्यानं चमक येते, आणि चमकेचा मला तिटकारा. मी चाचांचं ऐकलं नाही. तेलाचा नाद सोडला आणि गलबत कोरंच ठेवलं. तीन प्रकारची लाकडं, चार छटा, एकही डबीतली नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, असं मला वाटलं. अजूनही वाटतं, तीच तर पंचाईत आहे.

एसटीत मांडीवर घेऊन ते कंधारला नेलं. दादा शेजारी गेला होता. वहिनींनी गलबत टेबलावर ठेवून घेतलं, आणि मी परतीच्या गाडीची चौकशी करायला स्टँडवर गेलो. तासाभरात परत आलो तर घरात उदबत्तीचा वास. दादा खुर्चीत बसून हसत होता. आणि माझ्या गलबताच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ओल्या कुंकवाचं हे भलंमोठं स्वस्तिक! वरच्या फळीवर हळदीची बोटं. डोलकाठीला लिंबू-मिरची. पुढ्यात नारळ फोडलेला आणि त्याचं पाणी सागावर उडालेलं.

"वहिनी, हे काय केलं?"

"नवी गाडी दारात आली तर पूजा करत न्हाईत का, भावजी? ट्रॅक्टरला केली, लेकाच्या मोटारसायकलला केली. हे बी वाहनच हाय की."

मला इतकी किळस आली की तोंडाला येईल ते बोललो. "अडाणीपणाला काही हद्द असते," असं मी आईच्या जागी असलेल्या बाईला तोंडावर म्हणालो. वहिनी आत गेल्या. मी गलबत उचलून परसात नेलं आणि पॉलिश पेपरनं घासायला बसलो. कोऱ्या लाकडानं कुंकू पार आत ओढलं होतं. चाचा खरं बोलले होते, त्याचाही राग आला. दिवेलागणीपर्यंत घासलं तेव्हा कुठं नाळ स्वच्छ झाली. फळी निम्मी झिजली होती.

सकाळी तो गलबत घेऊन उंबऱ्यात उजेडाला बसला. डाव्या डोळ्याजवळ धरलं. फिरवलं. पुन्हा फिरवलं. तो कुठलं लाकूड ओळखतोय याची मी वाट बघत होतो.

"ह्याची नाळ कोनती?" त्यानं विचारलं.

मला वाटलं चेष्टा करतोय. मग बघितलं, तो बोटांनी चाचपत होता. आधी मागचं टोक, मग पुढचं, मग पुन्हा मागचं.

"काल दिसली व्हती की," तो म्हणाला. "लाल काहीतरी व्हतं. तेवढं लख्ख दिसलं. बाकी सगळं मातीवानी दिसायलंय."

सागाचा मध, हळदूचा पिवळा, घाण्याचा काळा, सगळी माती. त्याला गलबत दाखवायला म्हणून मी आलो होतो, आणि त्यातलं जेवढं त्याला दिसत होतं तेवढंच मी घासून काढलं होतं. आयुष्यभर मला लोकांच्या आवडीची किळस आली. त्या उंबऱ्यात माझी मलाच आली, आणि ती वॉलनटपेक्षा वाईट होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. "वहिनी, चुकलं माझं. करंडा द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. करंडा आणि तेलाची वाटी पुढं सरकवली. "पुसायला लई घाई झाली. आता लावा तुमच्याच हातानं."

मी कुंकू तेलात कालवलं. माझ्या हातून स्वस्तिक वाकडंतिकडं झालं, चित्रकलेच्या मास्तराला शोभणार नाही असं. भरपूर लावलं. लाकूड पीत होतं तेवढं पाजलं.

दादानं गलबत पुन्हा डोळ्याशी नेलं. थोडं डावीकडं फिरवलं, थांबला आणि बोट बरोबर लालावर टेकवलं.

"ही नाळ," तो म्हणाला.