पिवळ्या पट्ट्यावरचा मामा

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मग चहा नाकातून आला तर मला बोल लावू नका, कारण मी जी माती खाल्लीय ती ऐकून भल्याभल्यांना ठसका लागलाय.

मी मास्तर. मुळशीतल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. मुलं-मुली एकत्र शिकतात अशी शाळा. एकत्र म्हणजे कशी? बाक वेगळे, पाण्याचे नळ वेगळे, आणि जिनेही वेगळे करा असं हेडसरांचं फर्मान. आता शाळेला जिना एकच! मग काय, जिन्याच्या मधोमध पिवळा पट्टा मारला. उजवीकडून मुलं, डावीकडून मुली. समोरच्या भिंतीवर मात्र समानतेचं भलंमोठं घोषवाक्य. तेही पिवळंच, कारण डब्यात रंग उरला होता.

दुसरी गंमत ऐका. शिक्षकांनी शाळेच्या गावातच राहायचं असा नियम आहे. आम्ही पाळतो की! कागदोपत्री आम्ही सगळे गावातच राहतो. प्रत्यक्षात घंटेचा आवाज विरायच्या आत सगळ्यांच्या गाड्या पुण्याच्या रस्त्याला. मी पुण्याला लागून असलेल्या सूसला, सोसायटीत राहतो. कागदावर माझं बिऱ्हाड कुणा आबांच्या मागच्या खोलीत. हेडसरांनीच जमवून दिलेलं. ती खोली मी कधी पाहिली नव्हती, आणि त्या आबांनाही नाही.

मी नवीन, म्हणून शिस्त समिती माझ्या गळ्यात पडली. काम एकच, पट्ट्यावर नजर ठेवायची.

एके दिवशी मधल्या सुट्टीत बघतो तर काय! नववीतला गणेश आणि दहावीतली सायली, बरोबर पिवळ्या पट्ट्यावर बसून एकाच डब्यातली भाकरी खातायत! वर तिनं त्याचा कान पिरगळला आणि शेवटचा घास त्याच्या तोंडात कोंबला. माझ्या अंगात अख्खी समिती संचारली.

"सायली! कोण लागतो हा तुझा?"

"मामा हाय माझा."

"मला मामा बनवतेस?"

"न्हाई सर, तुमी न्हाई. ह्यो."

सगळा जिना हसला. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी!

"अगं, मामा भाचीपेक्षा लहान असतो का कधी?"

"आसतोय की," गणेश घास गिळत म्हणाला. "मी हाय न्हवं."

आता तुम्हीच सांगा, ह्याला उद्धटपणा नाही तर काय म्हणायचं? दोघांना धरून हेडसरांपुढे उभं केलं. समिती बसली. आमच्यापैकी एकालाही ह्या पोरांचं घरदार ठाऊक नाही. असणार कसं? हेडसर म्हणाले, "प्रकरण गंभीर आहे. आधी बैठकीचा फोटो काढा, वर पाठवायचाय." आम्ही गंभीर चेहरे केले. एकाचे डोळे मिटले म्हणून पुन्हा केले.

मग पालकांना बोलवायचं ठरलं आणि सायलीचं तोंड एवढंसं झालं.

"सर, माझ्या बाला नगा सांगू. त्यो मेंढरं घिऊन कोकणात उतरलाय. त्यानं बजावलंय, शाळंतनं कायबी कानावर आलं तर दप्तर ठिवायचं आन् मेंढरांमागं चालायचं."

आणि ती रडायला लागली. मला त्या रडण्यात चक्क कबुली दिसली! "बघा, बघा, रडतेय," मी हेडसरांना विजयी सुरात म्हणालो. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी पटका बांधलेले एक म्हातारे काठी टेकत आले.

"मुलाचे वडील ना?" मी विचारलं.

"व्हय."

"आणि मुलीकडचं कोण आलंय?"

"मीच."

"अहो आजोबा, मुलीकडचं!"

"मीच की! आजा हाय तिचा. माझ्या थोरल्या लेकीची लेक ती, आन् ह्यो गण्या माझं शेंडेफळ. पोरगी शाळंसाठी आमच्याकडं ऱ्हातीया."

मी गणिताचा मास्तर, पण हे गणित सुटायला मला भलताच वेळ लागला. तरी माघार घेईन तर शपथ!

"पण... एकाच डब्यात?"

"एकाच चुलीवरचं खात्यात. डबं दोन कशाला?"

मग म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी त्ये गणिताचं नवं सर न्हवं? मंग तुमी तर आमच्याच घरात ऱ्हाता की! मागच्या खोलीत तुमचंच बिऱ्हाड हाय न्हवं?"

अरे देवा! हेच ते आबा!

"एका घरात ऱ्हाऊन तुमास्नी ठावं न्हाई व्हय, ह्यो तिचा मामा हाय त्ये?"

हेडसरांना खोकल्याची अशी उबळ आली की ते पाणी प्यायला जे बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत.

मी हात जोडले. "आबा, चूक माझी. पण जावयाला काही कळवू नका. पोरीची शाळा बंद होईल हो!"

"न्हाई कळवत. पर तिचं गणित लई कच्चं हाय, आन् दहावीचं वरीस. तुमी घरातच हाय, तर रोज सांजच्याला शिकवा. न्हाई तर मला मोठ्या हापिसात जाऊन इचारावं लागंल, आमचं भाडेकरू गेलं कुटं म्हून."

झालं! शाळा सुटली की आता सगळ्यांच्या गाड्या पुण्याकडे जातात आणि माझी आबांच्या अंगणात. ती मागची खोलीही अखेर पाहिली. तिथं शेरडं बांधतात. एका कोपऱ्यात मी फळा टांगलाय. सायली समीकरणं सोडवते, गणेश पाला टाकतो आणि एक बोकड माझे खडू खातो. पोरगी हुशार आहे हो, पास होणार!

फक्त गाडीचा आवाज आला की ती अंगणातून ओरडते, "आज्जे, मामा आलं!"

"कंचं गं?" आजी आतून विचारते.

"बनल्यालं!"