खळीच्या पाण्याची बातमी

"मोड ते. तुझ्याच हातानं मोड," संपादक म्हणाले.

समोर गॅलीत, खिळे जुळवून ठेवायच्या लांबट तबकात, माझी बातमी होती. मीच लिहिलेली आणि मीच शिशाचा एकेक खिळा उचलून जुळवलेली. माझी पहिलीच. एरवी मी त्या साप्ताहिकाच्या छापखान्यात नुसता कंपोझिटर. संपादकांच्या शेजारी सायझिंग कारखान्याचा मालक शेट चहा पीत बसला होता. मी एकेक अक्षर सुटं करून त्याच्या त्याच्या खणात परत टाकू लागलो. शेट बघत होता आणि हसत होता.

"वस्तीतला हाय ना ह्यो? चांगला हात बसलाय," तो म्हणाला.

कान तापले. हात मात्र चालूच राहिले. त्या हातांची मला आजही किळस येते.

बातमी पाण्याची होती. आमची वस्ती कोन गावाच्या अंगाला. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नसत. विहीर शेटच्या भावकीची. म्हणून आमच्या बाया ओढ्याच्या वाळूत खड्डा काढून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. त्याच ओढ्यात शेटनं सायझिंगचं पाणी सोडलं. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात, त्या खळीचं उरलेलं, आंबलेलं पाणी. वर पांढरी साय. हंडा तोंडाशी नेला की ओकारी यायची. तरी तेच प्यायचं. माझ्या बहिणीची पोर हगवणीनं काठी झाली होती.

ते पाणी सोडायचा व्हॉल्व्ह फिरवायचा माझा काका. बॉयलरवर ड्युटीला होता. शिफ्ट संपली की शेट पाणी ओढ्यात सोडायला लावतो, हे त्यानंच मला सांगितलं. माझं नाव नको, असंही म्हणाला. मी शब्द दिला होता.

शेट गेल्यावर संपादकांनी मला समोर उभं केलं.

"कारखाना बंद पडला तर दोनशे चुली विझतील. तुमची घरं तीस. जास्तीत जास्त लोकांचं भलं कशात आहे, सांग. हेच शिकवतो ना मी?"

शिकवायचे खरे. दर रविवारी वाचनालयात त्यांचा नीतिशास्त्राचा वर्ग असायचा. परिणाम बघावा. कर्तव्य बघावं. माणसाला आपल्या सोयीसाठी वापरू नये. आत सतरंजी होती, मी दारात बसून ऐकायचो. ऐकताना वाटायचं, या पुस्तकांत तरी आपण माणसात धरलेलो आहोत. मूर्ख होतो.

"आणि पत्रकाराचं कर्तव्य, सर?" मी कसंबसं विचारलं.

"आधी दिलेला शब्द पाळ. तुझ्या काकाची नोकरी जाईल."

खबर देणाऱ्याला शब्द दिलाय, एवढंच मी सरांना सांगितलं होतं; काकाचं नाव कुणापाशी काढलं नव्हतं. म्हणजे शेटनं ओळखलं होतं, आणि दोघांनी चहा पिता पिता काकाला ओलीस धरलं होतं. वर मलाच शब्द पाळायला सांगत होते.

माझ्या बातमीच्या जागी एक चौकट जुळवायचं फर्मान निघालं. वाचनालयाचे अध्यक्ष झाल्याबद्दल शेटचं हार्दिक अभिनंदन. मी तीही जुळवली.

घरी गेलो आणि काकाला सगळं सांगितलं. तुझी नोकरी जाईल, छापू का, म्हणून विचारलं.

"आजवर मला कोनी इचारलंच न्हाय," तो म्हणाला. "शेटनं न्हाय, तुज्या सरांनी न्हाय. तू पन आज इचारतोस. छाप. माजं नाव घाल. पानी मीच सोडलंय."

मला लाज वाटली. दोनशे आणि तीसची तुलना करणाऱ्यांचा राग आला होता, पण मीही वस्तीत कुणाला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संपादक जेवायला घरी गेले, ते संध्याकाळीच परतायचे. मी अभिनंदनाची चौकट मोडली. माझा कागद त्यांनी फाडला होता, पण मजकूर बोटांना पाठ होता. फक्त पहिली ओळ नवी, काकाच्या नावाची. मग छपाईयंत्राच्या ट्रेडलवर पाय मारला. अंक मीच छापायचो, घड्या मीच घालायचो, टपालात मीच टाकायचो. तेव्हा कळलं, सगळं काम माझ्याच हातात होतं. त्यांचं फक्त 'मोड' म्हणणारं तोंड.

ते परतले तेव्हा अंक टपालात पडले होते. एक त्यांच्या टेबलावर ठेवला होता.

"कुणाच्या परवानगीनं?" ते ओरडले.

"ज्याची नोकरी जाणार आहे, त्याच्या," मी म्हणालो.

काकाची गेली. माझीही. ओढ्याला पाणी पुढेही कितीतरी दिवस पांढरंच येत होतं. छापून आलं म्हणून शेट काही सुधारला नाही.

पण तेव्हापासून कुणी बहुतेकांचं भलं सांगू लागलं की मी उरलेल्यांची नावं विचारतो. त्यांना विचारलंत का, विचारतो. आणि माझ्या हातानं जुळवलेलं खरं मी पुन्हा माझ्या हातानं मोडणार नाही. मोडायचं असेल तर त्यांनी स्वतःचे हात काळे करावेत.