वायफायच्या बटणातली हळद
आज दसऱ्याला सुनेच्या जुन्या लॅपटॉपला हळदकुंकू लावताना त्याच्या कडेच्या फटीत जुनी, सुकलेली हळद दिसली आणि बारा वर्षांपूर्वीची मीच मला आठवले: शाळेत संगणक शिकवणारी, अकलेचा कांदा! त्या लॅपटॉपवर विंडोज काढून हौसेनं लिनक्स मीच टाकलेलं. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वायफाय लागेना आणि सुनेच्या नोकरीच्या अर्जाची मुदत पाचला संपणार होती. ती काकुळतीनं म्हणाली, "आत्या, मी वडवणीला जाऊन नेट कॅफेत अर्ज भरते ना." "बस गप! कॅफेवाल्याला माझ्यापेक्षा लई कळतंय का?" म्हणत मी पाचपर्यंत वायफायच्या कार्डाचे ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे प्रोग्रॅम, बदलत बसले. मुदत टळल्यावर मला कडेचं वायफायचं बटण दिसलं. पूजेची हळद पुसताना माझ्याच हातून ते बंद झालं होतं. मी ते तसंच ठेवलं आणि वर म्हणाले, "कार्डच जळालंय. तुझ्या बापानं दिलेला माल हाय ह्यो!" ती पदरात तोंड खुपसून रडली. आज तिनं माझ्या हातात फडकं दिलं आणि हसून म्हणाली, "नीट पुसा, आत्या. त्या वेळी तुम्ही बंद ठेवलेलं बटण मी त्याच संध्याकाळी चालू केलं होतं." गेली बारा वर्षं तिच्या हातची करपलेली भाकरी नेमकी माझ्याच ताटात कशी पडते, ते आज कळलं.