व्हर्डी लॉक्रिजची मागची सीट

आमच्या टकर्स बेंड तळ्यावर मागच्या सीटला कुणी फारसा मान देत नाही. होडीचा मालक पुढे उभा राहतो, विजेची छोटी मोटर पायाने चालवतो, मनाला येईल तिथे होडीचं नाक लावतो आणि पहिला गळ त्याचाच पडतो. मागच्याने उरलंसुरलं वेचायचं. मधल्या बाकाच्या पुढे त्याने गळ टाकायचा नाही, असा रिवाज. व्हर्डी लॉक्रिज या मागच्या सीटवर वीस वर्षं बसली आणि त्या उरल्यासुरल्यातून तिने आमच्या मासेमारी क्लबचा चषक दोनदा घरी नेला, पुढच्यांच्या नाकावर टिच्चून.

मी हॉइट. धक्क्यावरचं आमिषाचं दुकान माझं, आणि शनिवारच्या स्पर्धेचा वजनकाटाही माझ्याच हातात असतो. त्यामुळे या तळ्यावर कोण खरं बोलतं आणि कोण माशाला हाताने लांबवतं, हे मला ठाऊक असतं. व्हर्डी खरं बोलणाऱ्यांतली. तेवढ्यानेच ती निम्म्या लोकांना आवडत नाही.

तिने जन्मभर शाळेची बस चालवली. आज क्लबात जे दाढीवाले बाप्ये आहेत, त्यांतले कितीतरी तिच्या बसमधून शेंबूड पुसत शाळेत गेलेत. वात्रट पोराला ती आपल्या मागच्या पहिल्या सीटवर आणून बसवायची. तिच्या बसमध्ये पुढची सीट ही शिक्षा होती. नवरा फेरेल गेला, होडी मुलगा टेक्ससला घेऊन गेला, आणि व्हर्डी चिठ्ठी टाकून ज्याच्या वाट्याला येईल त्याच्या होडीत मागे बसू लागली. आठवडाभर गुडघ्याला मलम चोळायचं आणि शनिवारी पहाटे बिस्किट-सॉसेजचा पुडा घेऊन धक्क्यावर हजर व्हायचं, एवढंच तिचं आयुष्य उरलं होतं. एवढं तिला पुरतही होतं.

मग ते मासे दाखवणारं नवं सोनार यंत्र आलं. मोटरच्या दांड्याला, पाण्याखाली, मुठीएवढा एक डोळा बांधतात. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज पुढे सोडतो. माशावर आपटून आलेल्या आवाजाचं चित्र होडीतल्या पडद्यावर उमटतं, तेही हलतं, त्याच क्षणाचं. बास मासा आमिषाकडे वळला ते दिसतं, नाक मुरडून परत गेला तेही दिसतं. पूर्वी आमची माणसं बुंध्यांच्या सावलीत, धक्क्यांच्या खांबांपाशी मासा हुडकायची. आता सगळी मोकळ्या पाण्यात माना खाली घालून उभी असतात, पोरं मोबाईलमध्ये बघतात तशी. समोर गरुड उतरला तरी कुणाला पत्ता नसतो. त्या यंत्रांच्या बॅटऱ्या मीच विकतो, म्हणून दुकानात मूग गिळून बसतो. इथे बोलतोय.

मासे मात्र गप्प बसले नाहीत. पहिल्या वर्षी भराभर सापडले. पुढच्या वर्षी आमिषामागे यायचे, थबकायचे आणि निघून जायचे. आता मोटर जवळ आली की तळाला जाऊन बसतात. त्यातून माझ्या धक्क्यासमोरच्या खोल पाण्यातले तर महाबिलंदर. दर शनिवारी वजन करून आम्ही मासे तिथेच सोडतो आणि ते तिथेच राहतात. गळ म्हणजे काय, पडदा म्हणजे काय, सगळं सोसून शहाणे झालेले. पडद्यावर ते इतके दिसतात की माणसांना दुसरीकडे जाववत नाही. दिसतात, पण घेत नाहीत.

कोल्बी स्ट्राउड तिथलाच मुक्कामी. क्लबचा अध्यक्ष, वय तिशीचं, टायरच्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि झोपेचा वेळ होडीत घालवतो. पोरगा वाईट नाही. पण पडदा आल्यापासून त्याला मागे बसलेलं माणूस खुपायला लागलं. मागच्याला पडदा दिसत नाही, तो उगाच हलतो, त्याचं आमिष पडद्यावर मध्येच येतं. म्हणून त्याने नियम मांडला, की सभासदाकडे स्वतःची होडी हवी आणि मागची सीट बंद. मागच्या सीटवर बसणारे पाच जण होते, व्हर्डी धरून. नियम झाला की पाचही बाहेर.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी चिठ्ठ्या टाकल्या आणि व्हर्डी आली ती नेमकी कोल्बीच्या होडीत. त्या दिवशीची हकिकत मी दोघांकडून ऐकली आहे. दोघांच्या सांगण्यात फक्त मासे सारखे आहेत.

ऊन कडक होतं. कोल्बी पुढे उभा राहून पडद्याशी बोलत होता. "येतोय, येतोय... घे ना लेका... गेला." असं सारखं. मासा आमिषामागे होडीपर्यंत यायचा आणि पडद्यावरून नाहीसा व्हायचा. व्हर्डीचा खांदा दुखत होता. लांब गळ फेकायचा तिला कंटाळा आला, म्हणून तिने होडीला लागूनच, मागच्या सावलीत, आमिष सरळ खाली सोडलं आणि बिस्किटाचा पुडा उघडला.

"मिस व्हर्डी, तिथे काही नाहीये," कोल्बी मागे न बघताच म्हणाला. "आत्ताच त्यावरून आलोय आपण."

"असू दे रे. माझं आमिष दमलंय, जरा बसलंय."

काठी वाकली तेव्हा बिस्किट पाण्यात गेलं. मासा चांगला चार पौंडांचा निघाला, तिने तो होडीतल्या पाण्याच्या टाकीत सोडला. थोड्या वेळाने दुसरा आला, मग तिसरा. कोल्बीच्या पडद्यावरून जे नाहीसे होत होते, ते त्याच्याच होडीखाली सावलीला येऊन बसत होते. यंत्राचा डोळा मोटर वळेल तिकडेच बघतो, आणि कोल्बीची मोटर पुढे वळलेली.

व्हर्डीने त्याला सांगितलंही. "बाळा, तुझे मासे इथे मागे आहेत. ये, टाक."

"योगायोग असतो हो, मिस व्हर्डी."

"तिसरा योगायोग टाकीत शेपूट आपटतोय."

संध्याकाळी तिचं वजन त्याच्या दुप्पट भरलं. काट्याचा आकडा मीच मोठ्याने वाचला, जरा जास्तच मोठ्याने. कोल्बी कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता तरी नियम मागे घेईल. कसला घेतोय. माणूस हरला की चूक शोधतो, आणि चूक त्याच्या मागेच बसली होती.

सभा माझ्या दुकानात झाली, उकडलेल्या शेंगांच्या पातेल्याभोवती. व्हर्डी उभी राहिली. "मला दया नको," ती म्हणाली. "होडी तुमची, पेट्रोल तुमचं, माझ्या वाटणीचं मी देत आले. वीस वर्षं तुमच्या पाठी बघत मासे धरले. आता तुम्ही पडद्याकडे बघता, म्हणून मी तुम्हाला दिसेनाशी झाले. पण मी आहे."

कुणी मान वर केली नाही. हात मात्र वर झाले, आणि होडीवाले जास्त होते. नियम पास झाला. मला मत नाही, नाहीतर मी दोन्ही हात खालीच ठेवले असते.

व्हर्डीने टोपी घातली आणि दारात थांबून विचारलं, "बाकीचे नियम आहेत तसेच ना रे, कोल्बी?"

"हो मिस व्हर्डी. एक शब्द बदललेला नाही."

"मग ठीक आहे."

बाकीचे नियम माझ्या दुकानात भिंतीवर फळीवर रंगवलेले आहेत. त्यात एक जुना नियम आहे. फार पूर्वी एका बुंध्यावरून दोघांनी वल्ह्यांनी एकमेकांची डोकी फोडली, तेव्हाचा. एखाद्याने नांगर टाकून मोटर पाण्याबाहेर घेतली असेल, तर ती जागा त्याची. दुसऱ्याने पन्नास वारांच्या आत यायचं नाही. मोटर पाण्यात असेल, तर जागा कुणाचीच नाही. पडदे आल्यापासून हा नियम सगळे विसरले, कारण आता नांगर कुणी टाकतच नाही.

दुसऱ्या दिवशी व्हर्डी दुकानामागे आली. तिथे माझी एक पत्र्याची चपटी होडी उलटी पडली होती. तिच्याखाली दरवर्षी मांजर व्यायची.

"ही चालते का?"

"तरंगते," मी म्हणालो. "आजपासून तुझी. चालवायची तुलाच."

तिने मांजरीला हाकललं, आठवडाभर भोकं बुजवली, वल्ह्यांना फडकी गुंडाळली. शनिवारी सकाळी सहा वाजता ती होडी घेऊन रांगेत उभी होती. एवढ्या चकचकीत होड्यांत तिची होडी लग्नात अनवाणी आल्यासारखी दिसत होती. लोक हसले. कोल्बीने नाव लिहून घेतलं, काय करतो बिचारा. स्वतःची होडी होती तिच्याकडे.

स्पर्धा सुरू झाली आणि कोल्बी नेहमीसारखा धक्क्यासमोरच उभा राहिला. व्हर्डी वल्हवत त्याच्या मागे गेली, गळाच्या काठीएवढ्या अंतरावर थांबली आणि त्याच्या होडीच्या सावलीत आमिष सोडलं. मी धक्क्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. असा शनिवार पुन्हा येत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

पहिला मासा तिने धरला तेव्हा कोल्बीने मागे वळून पाहिलं. दुसऱ्याला तो ओरडला, "मिस व्हर्डी, पन्नास वार!"

"नांगर टाक. मोटर वर घे. मी लगेच जाते."

"हॉइट!" त्याने मला साक्षीला धरलं.

"फळीवर तसंच लिहिलंय," मी ओरडून सांगितलं. "एक शब्द बदललेला नाही."

कोल्बी मोटरकडे बघत राहिला. यंत्राचा डोळा त्याच मोटरच्या दांड्याला बांधलेला. मोटर वर घेतली तर जागा मिळते आणि पडदा जातो. खाली ठेवली तर पडदा राहतो आणि व्हर्डी राहते. शेवटी चिडून त्याने मोटर वर ओढली, नांगर टाकला. पडदा काळा झाला. व्हर्डीने शब्द पाळला, वल्हवत लांब गेली आणि तिथे बसून थर्मासमधला चहा प्यायला लागली. कोल्बीने गळ फेकला. इकडे फेकला, तिकडे फेकला. कुठे फेकायचा हे त्याला कुणी सांगत नव्हतं. बराच वेळ त्याने तग धरला, मग मोटर हळूच पाण्यात सोडली. मोटर बुडाली तशी व्हर्डीची वल्ही पाण्यात पडली आणि ती पुन्हा त्याच्या मागे आली.

असं दुपारपर्यंत चाललं. गुडघा दुखतोय हे तिच्या बसण्यावरून मला दिसत होतं, पण ती हटली नाही. बाकीच्या होड्याही गळ सोडून तमाशा बघायला जवळ आल्या होत्या. मागच्या सीटवरचे उरलेले चौघे माझ्या शेजारी धक्क्यावर बसून शेंगा खात होते. त्यांना त्या दिवशी बसायला दुसरी जागा नव्हती.

शेवटी कोल्बी मोटर सोडून होडीच्या मागच्या टोकाला आला. तिथली रिकामी सीट त्याने हाताने पुसली. "मिस व्हर्डी, हरलो मी. या, बसा मागे. तुमच्यापुरता नियम मी बघून घेतो."

"माझ्यापुरता?" व्हर्डीने वल्हं थांबवलं. वल्ह्यानेच तिने धक्क्याकडे दाखवलं. "तिथे चौघं बसलीत, दिसतात का तुला? पडद्यात नाहीत ती, मान वर करून बघ. त्यांना आत घे, मग मला बोलाव."

"त्याला सभा लागेल. पुढचा शनिवार उजाडेल."

"उजाडू दे."

"आणि तोवर?"

तिने दुखरा खांदा एकदा चोळला आणि आमिष त्याच्या सावलीत सोडलं.

"तोवर मी मागेच आहे."