झाकलेला विस्तव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आज सहलीत पुतणीने शेकोटीवर पाणी ओतलं, काठीने राख ढवळली, वर हात धरून पाहिला. "गार झाली, काका. उठा आता!" मला उठवेना.

तरुणपणी एका डोंगरावर मी शेकोटीवर नुसती माती लोटली होती. आई चुलीतला विस्तव तसाच राखेखाली झाकायची, पण तो सकाळपर्यंत टिकावा म्हणून. आम्ही मित्र उतरलो आणि मागे पायथ्याच्या वाडीचं गुरांसाठी राखलेलं गवत पेटलं. आळ गुराखी धोंडूमामांच्या बिडीवर आला. मग त्यांच्याकडे कुणी गुरं सोडेना. मी गप्प राहिलो. गप्प राहणंही झाकणंच असतं. धग आत राहते आणि माणूस दमत जातो.

धोंडूमामा अजून त्याच वाडीत आहेत. शेकोटी माझी होती, हे सगळ्या वाडीसमोर सांगणं माझ्याकडून व्हायचं आहे.